परदेशी शिकणाऱ्या लेकीचे पैसे गळतात कुठे?

रविवारची सकाळ. इंदूरच्या एका घरात पोह्यांच्या बशा नुकत्याच पुढे आल्या होत्या आणि फोन वाजला. लेकीचा फोन, अमेरिकेतल्या ओहायोहून. तिकडे शनिवारची रात्र. एरवी ती आधी आईशी बोलते, मग बाबांशी. त्या दिवशी तिने आधी बाबांनाच मागितले.

‘बाबा, रागावणार नाही ना?’

‘काय झालं ते तर सांग.’

‘बँकेनं माझे एकशेपाच डॉलर कापले. मी फक्त सतरा डॉलरचं सामान घेतलं होतं.’

बाबा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर बीजगणित शिकवलेले. सतरा डॉलरच्या खरेदीवर एकशेपाच डॉलरचा दंड हे समीकरण त्यांना काही केल्या सुटेना. एकशेपाच डॉलर म्हणजे, डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर, ९,४५० रुपये. आईच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. राहते घर गहाण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज डोक्यावर होते. म्हणजे जो रुपया तिकडे गळत होता, त्यावर इकडे व्याजही चढत होते.

लेकीने ही गोष्ट तीन आठवडे मनात ठेवली होती. तेवढे दिवस ती दुपारचे जेवण टाळून पैसे भरून काढत होती. आईला पैशांपेक्षा हे जास्त लागले.

असे घर आज एकटे इंदूरला नाही. बडोद्यात आहे, हैदराबादेत आहे, बेळगावात आहे, पुण्यात तर गल्लोगल्ली आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताने पहिला क्रमांक गाठला होता. या प्रत्येकाच्या घरी कॉलेजची फी, विमानाचे तिकीट, व्हिसा यांचा हिशेब पैशापैशाने झालेला असतो. बँकांच्या शुल्काचा रकाना मात्र कोणाच्याच वहीत नसतो. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. तळे थेंबाथेंबाने रितेही होते, हे कोणी शिकवीत नाही.

बाबांनी त्या दिवशी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या सत्राचा सगळा हिशेब लेकीकडून एकेक करून वदवून घेतला. त्या वहीतली पाने प्रत्येक पालकाने वाचावीत अशी आहेत.

पहिले छिद्र : हुंडणावळ

बाबांचा समज असा की पैसे पाठवायला बँकेने १,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये घेतले, तेवढाच खर्च. खरा खर्च पावतीवर शुल्क म्हणून छापलेलाच नव्हता. तो दरात दडला होता.

त्या दिवशी बाजारात डॉलरचा भाव ९० रुपये होता असे धरू. शाखेने लावलेला दर होता ९१ रुपये ५० पैसे. दीड रुपयाचा फरक दिसायला किरकोळ. पण फी होती १४,००० डॉलर. चौदा हजार गुणिले दीड, म्हणजे २१,००० रुपये! ज्या १,१८० रुपयांवरून बाबांनी काउंटरवर हुज्जत घातली, त्याच्या जवळपास अठरा पट रक्कम त्यांनी हसतमुखाने सही करून देऊन टाकली होती.

जुन्या पिढीकडे यासाठी नेमका शब्द होता, हुंडणावळ. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवायचा तर सराफ आपली हुंडणावळ कापून घेत असे. आजही तेच होते, फक्त ती दरात मुरवलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. रुपया-डॉलरचा संदर्भ दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो. २०१८ च्या जुलैपासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि मगच बँकेत जावे. तिथे ‘तुमचं शुल्क किती?’ असे विचारू नये. प्रश्न असा विचारावा : ‘विद्यापीठाच्या खात्यात पूर्ण १४,००० डॉलर पोचवायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ हाच प्रश्न दोनतीन बँकांत आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या एखाद्या विदेशी चलन व्यावसायिकाकडे विचारावा. उत्तर एकाच आकड्यात मागावे. त्या एका आकड्यात दर, शुल्क, कर असे सगळे येते आणि तुलना करायला गणिताच्या मास्तरांची गरज उरत नाही.

दुसरे म्हणजे, शाखेच्या फलकावरचा दर ही काही दगडावरची रेघ नाही. रक्कम मोठी असेल तर शाखा आपल्या विदेशी चलन विभागाकडून खास दर मागवू शकते. पण मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. भाजीच्या जुडीवर चार मिनिटे घासाघीस करणारे आपण, बारा लाखांच्या व्यवहारात मुकाट सही करतो! कर्ज देणारी बँक परस्पर फी पाठविणार असेल तरीही दराची विचारणा करण्याचा हक्क ग्राहकाचाच असतो. शक्यतो कामकाजाच्या दिवशी, बाजार चालू असताना व्यवहार करावा. सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री मोबाइलवरून पैसे पाठविताना दर पुष्कळदा चढा लावलेला असतो.

एकरकमी की हप्त्याहप्त्याने?

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो, रकमेच्या एका ठराविक भागावर १८ टक्के दराने असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात हा भाग १ टक्का, पण किमान २५० रुपये. एक लाख ते दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. दहा लाखांच्या वर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेचा दशांश टक्का, आणि जास्तीत जास्त ६०,०००.

आता बाबांच्या १४,००० डॉलरचे पाहा. ९१ रुपये ५० पैशांनी त्यांचे १२,८१,००० रुपये झाले. यावरचा जीएसटी सुमारे १,०४० रुपये. हीच रक्कम त्यांनी हजार हजार डॉलर करून चौदा वेळा पाठवली असती तर हा कर सुमारे २,३०० रुपये झाला असता आणि पाठवणीचे १,१८० रुपये चौदा वेळा मोजावे लागले असते ते वेगळेच. म्हणून फी शक्यतो एकरकमी पाठवावी आणि खर्चाचे पैसेही दरमहा न पाठविता सत्रातून एकदा किंवा दोनदा पाठवावेत.

वाटेतले टोलनाके

फी पोचली, पण विद्यापीठाने कळविले की २० डॉलर कमी आहेत. बाबांनी तर १४,००० पूर्ण पाठविले होते. मग २० गेले कुठे?

परदेशी पैसा बहुतेक वेळा स्विफ्ट या संदेशयंत्रणेच्या आधाराने जातो. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था पैसे स्वतः नेत नाही, फक्त बँकांचे निरोप पोचविते. आपल्या बँकेचे परदेशातल्या बँकेत थेट खाते नसेल तर मध्ये एखादी, कधी दोन मध्यस्थ बँका येतात आणि प्रत्येक जण टोलनाक्यासारखे आपले काहीबाही कापून घेतो.

पैसे पाठवायच्या अर्जात यासाठी तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठविणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे दोघांत वाटून आणि ‘बेन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. आपण काही सांगितले नाही तर बहुधा ‘शा’वर खूण होते आणि वाटेतली कापाकापी पोचणाऱ्या रकमेतून होते. घरखर्चासाठी पाठविलेल्या पैशांत ते चालून जाईल. विद्यापीठाची फी मात्र पैशापर्यंत पूर्ण पोचावी लागते, म्हणून तिथे ‘अवर’ मागावे. थोडे जास्त पडते, पण विलंबशुल्क आणि अडलेली नोंदणी यांपेक्षा ते स्वस्त.

बाबा ते २० डॉलर इंदूरहून पाठवायला निघाले होते. म्हणजे १,८०० रुपये पोचविण्यासाठी पुन्हा १,१८० रुपये शुल्क आणि वर किमान ४५ रुपये कर. लेकीने त्यांना अडविले आणि आपल्या तिथल्या खात्यातून २० डॉलर भरून टाकले. शहाणपणाच केला तिने. पण त्यामुळे खात्यात शिल्लक उरली जेमतेम, आणि तिथेच पुढची ठेच लागली.

‘सोय’ नावाचा सापळा

ओहायोत उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने तिथल्या एका बँकेत ‘चेकिंग’ खाते उघडले. आपल्याकडचे बचत खाते जसे रोजच्या वापराला, तसे तिकडे हे. खाते उघडताना काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात विचारले, ‘ओव्हरड्राफ्टची सोय हवी का? शिल्लक कमी पडली तरी कार्ड अडणार नाही.’ परक्या देशात चारचौघांत कार्ड अडण्याची भीती कोणाला नसते? लेकीने ‘हो’ म्हटले.

तो ‘हो’ महाग पडला. शिल्लक संपली होती हे तिला ठाऊक नव्हते. कॉफी, वह्या आणि औषधांच्या दुकानातली एक खोकल्याची बाटली, अशा तीन खरेद्या तिने एका दिवसात केल्या. तिन्ही वेळा बँकेने ‘सोय’ केली आणि तिन्ही वेळा ३५ डॉलर कापले. एकूण खरेदी सतरा डॉलरची, दंड एकशेपाच.

इथे एक कायदा प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक हवा. अमेरिकेत २०१० च्या उन्हाळ्यापासून नियम असा आहे की एटीएममधून काढलेले पैसे आणि डेबिट कार्डाने केलेली एकेकटी खरेदी यांवर बँकेला ओव्हरड्राफ्टचे शुल्क लावायचे असेल तर ग्राहकाची आधी स्पष्ट संमती लागते. संमती नसेल तर कार्ड चालत नाही, दोन मिनिटे ओशाळल्यासारखे होते, पण खिसा वाचतो. आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. मात्र धनादेश आणि खात्यातून आपोआप वळती होणारी बिले यांना हे संरक्षण नाही. म्हणून विजेचे किंवा फोनचे बिल आपोआप जाणार असेल त्या तारखेला खात्यात पैसे असल्याची खात्री करून ठेवावी.

सगळ्याच बँका ३५ डॉलर घेतात असे नाही. २०२२ साली कॅपिटल वन आणि सिटी या बँकांनी हे शुल्क बंद केले, तर बँक ऑफ अमेरिकाने ते ३५ वरून १० डॉलरवर आणले. तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांचा हा दंड ५ डॉलरच्या घरात आणू पाहणारा नियम केला होता. पण तो लागू होण्याआधीच, मे २०२५ मध्ये, अमेरिकी संसदेचा तो रद्द करणारा ठराव अध्यक्षांच्या सहीने मंजूर झाला. तेव्हा सरकार वाचवील या भरवशावर राहू नये. बँक निवडतानाच हे विचारून घ्यावे.

दरमहा बारा डॉलर

लेकीच्या खात्यातून दर महिन्याला १२ डॉलर देखभालीपोटी जात होते. चार महिन्यांचे ४८. तिला वाटले, हे सगळ्यांनाच असते. प्रत्यक्षात बहुतेक अमेरिकी बँकांत हे शुल्क माफ होण्याचे रस्ते असतात. ठराविक शिल्लक ठेवणे हा एक, पगार थेट खात्यात जमा होणे हा दुसरा आणि विद्यार्थी खाते घेणे हा तिसरा.

विद्यार्थी खात्यात एक मेख आहे. पुष्कळ बँकांची ही सवलत विद्यार्थी आहात की नाही एवढ्यावर न थांबता वयही पाहते आणि चोवीस-पंचवीसच्या आसपास ती संपते. आपली मुले तिकडे जातात ती बहुधा पदवीनंतर, दोनतीन वर्षे नोकरी करून. म्हणजे खाते उघडताना सवलत असते आणि अभ्यासक्रमाच्या मधेच वाढदिवस येतो. केक कापला जातो आणि पुढच्या महिन्यापासून बँकही कापू लागते. वयाची अट कोणती आणि ती ओलांडल्यावर खाते कोणत्या प्रकारात जाते, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. ग्रंथालयात किंवा भोजनगृहात असे काम मिळाले तर तो पगार थेट खात्यात जमा करून घ्यावा. पुष्कळदा तेवढ्यानेच देखभालीचे शुल्क माफ होते.

विद्यापीठाची किंवा गावची पतपेढी, ज्याला तिकडे क्रेडिट युनियन म्हणतात, तिची चौकशी अवश्य करावी. ती सभासदांच्या मालकीची असते आणि तिचे दंड-शुल्क बहुधा कमी असते. पैसे बुडतील ही आपल्याकडची धास्ती तिथे बाळगण्याचे कारण नाही. बँका असोत वा सरकारी विम्याखालच्या पतपेढ्या, ठेवीदाराच्या २,५०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेला विमासंरक्षण असते. खाते उघडायला तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक हवाच, असेही सर्वत्र नसते. पारपत्र, विद्यापीठाचे आय-२० पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा यांवर अनेक ठिकाणी काम होते.

परके एटीएम, परके कार्ड

आठवड्याला वीस डॉलर रोख लागत. वसतिगृहाच्या दारातच एक एटीएम होते, पण तिच्या बँकेचे नव्हते. यंत्राच्या मालकाचे ३ डॉलर आणि तिच्या बँकेचे अडीच. वीस डॉलर काढायला साडेपाच डॉलर! सावकारही इतके घेत नाही. असे आठ वेळा झाले, ४४ डॉलर गेले. यंत्राचे शुल्क पडद्यावर आधी दाखविले जाते आणि तिथून मागे फिरता येते. आपल्या बँकेचे यंत्र शोधावे, जास्त रक्कम एकदाच काढावी, किंवा किराणा दुकानात डेबिट कार्डाने खरेदी करताना वर रोख मागून घ्यावी. अनेक मोठी दुकाने तशी देतात.

खाते उघडेपर्यंतचे पहिले तीन आठवडे तिने इंदूरहून नेलेले क्रेडिट कार्ड वापरले. भारतीय कार्डांवर परदेशी चलनाच्या खर्चाला साधारण ३ ते साडेतीन टक्के अधिभार असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचे होतात ४.१३. तिचा खर्च होता १,२०० डॉलर, म्हणजे १,०८,००० रुपये. त्यावर गेले सुमारे ४,४६० रुपये. अधिभार नसलेली किंवा फारच कमी असलेली कार्डे आता भारतातही मिळतात. विमानात बसण्याआधी महिनाभर त्यासाठी अर्ज करावा.

दुकानातले किंवा एटीएमचे यंत्र कधी कधी फार आपुलकीने विचारते, ‘रुपयांत पैसे द्यायचे का?’ परदेशात रुपया दिसला की जीव सुखावतो. पण ‘नको’ म्हणावे आणि डॉलरच निवडावा. रुपयांचा पर्याय घेतला की विनिमयाचा दर यंत्रामागचा व्यावसायिक ठरवितो आणि तो आपल्या हिताचा क्वचितच असतो.

निघताना हाताशी रोख किती न्यावी? एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. पण नोटांचा दर सर्वांत महाग. तीनचारशे डॉलर रोख आणि बाकीचे आगाऊ भरलेल्या फॉरेक्स कार्डावर हे बरे. कार्ड त्याच देशाच्या चलनात भरावे. डॉलरचे कार्ड युरोपात वापरले तर पुन्हा चलनबदलाचा आकार बसतो.

जर्मनीची वाट वेगळी

ज्यांची मुले जर्मनीला निघाली आहेत त्यांना आधी ‘श्पेरकोंटो’ म्हणजे रोखलेले खाते उघडावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठीची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो झाली. ही रक्कम वेळोवेळी वाढत आली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहावा. इथे तंतोतंत तेवढेच पैसे पाठविले आणि वाटेत पंधरा-वीस युरो कापले गेले तर रक्कम अपुरी ठरते आणि व्हिसाचे काम लांबते. म्हणून थोडी वरकड रक्कम धाडावी. खाते चालविणाऱ्या कंपन्यांचे सुरुवातीचे शुल्क आणि मासिक शुल्क वेगवेगळे असते, तेही ताडून पाहावे. एकदा तिथे पोचल्यावर मात्र युरोपचा कायदा मदतीला येतो. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत बँक खाते मिळण्याचा हक्क आहे आणि जर्मनीत तो २०१६ पासून लागू आहे.

शुल्क नव्हे, पण खिशातून जाणारे

परदेशी पैसे पाठविताना बँक कधी ‘टीसीएस’ कापते. अनेक पालक हे शुल्कच समजतात. तो आगाऊ घेतलेला आयकर असतो. विवरणपत्र भरले की करात वळता होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर त्याच तारखेपासून तो मुळीच लागत नाही. स्वतःच्या पैशांवर, दहा लाखांच्या वरच्या भागावर तो लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, तेव्हा पैसे पाठविण्याच्या दिवशी बँकेत विचारून घ्यावा.

दहा लाखांची ही मर्यादा पाठविणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षासाठी वेगळी असते. म्हणून विद्यापीठाची मुदत परवानगी देत असेल तर काही रक्कम मार्चअखेर आणि काही एप्रिलमध्ये, किंवा काही वडिलांच्या आणि काही आईच्या खात्यातून पाठविता येते. मुलीच्या नावाने पैसे गेले असतील तर तिचे उत्पन्न शून्य असले तरी परताव्यासाठी तिचे विवरणपत्र भरायला विसरू नये.

तिच्या इथल्या बचत खात्याकडेही लक्ष द्यावे. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी विदेशी चलनाच्या नियमांनुसार अनिवासी समजला जातो, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच केला आहे. तेव्हा ते खाते ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. नको असलेली जास्तीची खाती निघण्याआधी बंद करावीत. नाहीतर किमान शिल्लक नाही म्हणून तीही आपली गुपचूप कुरतडत राहतात. आणि तिचा भारतातला मोबाइल क्रमांक चालू ठेवावा. तो बंद पडला की बँकेचा सांकेतिक क्रमांक येत नाही आणि साध्या कामालाही हेलपाटे पडतात.

वहीचे शेवटचे पान

बाबांनी पहिल्या सत्राची बेरीज मारली. दरातला फरक २१,०००. पाठवणी १,१८०. चलनबदलावरचा कर १,०४०. वाटेत कापलेले १,८००. कार्डाचा अधिभार ४,४६०. ओव्हरड्राफ्टचा दंड ९,४५०. देखभाल ४,३२०. परक्या एटीएमचे ३,९६०. एकूण ४७,२१० रुपये. एका सत्रात!

दुसऱ्या सत्राला बाबा तीन ठिकाणी तोच एक प्रश्न विचारून आले. बाजारभावापेक्षा ४० पैसे जास्त, असा दर एका ठिकाणी मिळाला. फरक झाला ५,६०० रुपयांचा. विद्यार्थी म्हणून पाठवणी निम्म्यात, ५९० रुपयांत झाली. ‘अवर’साठी १,७७० रुपये जास्त पडले आणि कर १,०३८. एकूण ८,९९८. शून्य झाले नाही, होणारही नाही. कोणी ‘शून्य खर्चात डॉलर’ म्हणत असेल तर तो खर्च दरात कुठे दडला आहे, हे आधी शोधावे.

लेकीने ओव्हरड्राफ्टची संमती काढून घेतली. विद्यापीठाच्या पतपेढीत खाते उघडले, शिल्लक २५ डॉलरच्या खाली गेली की फोनवर सूचना येईल अशी व्यवस्था केली. जुन्या बँकेत जाऊन तिने सरळ सांगितले, ‘मी नवी विद्यार्थिनी आहे, मला हा नियम कळला नव्हता. पहिल्या वेळचा दंड माफ करता येईल का?’ व्यवस्थापकाने तीनपैकी दोन दंड परत केले. पहिल्या चुकीला अशी सूट अनेक बँका देतात, पण विचारावे लागते. सत्तर डॉलर परत आले.

फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठविण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. त्याआधीच्या पिढीला मुळात डॉलर मिळवायलाच खेटे घालावे लागत. आजच्या पिढीला डॉलर मिळतो, प्रश्न तो गळू न देण्याचा आहे. आणि त्यासाठी कोणतेही बँकशास्त्र लागत नाही. लागतो तो एक प्रश्न विचारण्याचा धीटपणा, काउंटरवर आणि घरीही.

कारण त्या घरातला सगळ्यात मोठा तोटा वहीत कुठेच मांडलेला नव्हता. तीन आठवडे एक मुलगी उपाशीपोटी वर्गात बसली, कारण बाबा रागावतील असे तिला वाटले. परदेशी निघालेल्या मुलांना आपण लोणच्याची बरणी देतो, गोधडी देतो, देवाचा अंगारा देतो. त्याबरोबर एक वाक्यही द्यावे : ‘पैशाच्या बाबतीत चूक झाली तर त्याच दिवशी फोन कर. कोणी रागावणार नाही.’

आता दर रविवारी फोन येतो तेव्हा आई आधी विचारते, ‘जेवलीस का गं?’ आणि मग बाबा विचारतात, ‘शिल्लक किती?’ दोन्ही उत्तरे ऐकल्यावरच पोह्यांच्या बशीला हात लागतो.